वळलो म्हणजे वळण लागलं असं नाही

माझ्या पप्पांच्या दफनविधीत पास्टरांनी एक तारीख सांगितली. 14 ऑक्टोबर 2008. त्या रात्री मंडपात, एका मिनिटात, प्रभूने या माणसाची दारू सोडवली, असं ते म्हणाले. ‘एका मिनिटात’ हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले. लोक ‘आमेन’ म्हणाले. सवयीने मीही म्हणालो. मग आईकडे पाहिलं. ती मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. त्या मिनिटानंतरची चौदा वर्षं तिने काढली होती, आणि त्या चौदा वर्षांबद्दल पास्टरांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

हा लेख त्या चौदा वर्षांच्या बाजूने आहे आणि त्या एका मिनिटाच्या विरोधात. मी विश्वासी आहे, दर रविवारी उपासनेला जातो, त्यामुळे हे भांडण घरातलं आहे. घरातलं आहे म्हणूनच ते मोठ्या आवाजात करणार आहे.

आधी घर सांगतो. सोलापूर, भवानी पेठ, घोंगडे वस्तीच्या बाजूला दोन खोल्या. पप्पा यंत्रमागावर टॉवेल काढायचे, बारा तासांची पाळी. आज्जी उंबऱ्यात बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. मागाची खटखट आणि तंबाखूचा वास, आमचं लहानपण या दोन गोष्टींत गेलं. पप्पांचा पगार झाला की तो आधी हातभट्टीकडे जायचा आणि उरलेला घरी यायचा.

तर 2008 च्या त्या रात्री कन्व्हेन्शनच्या मंडपात पप्पा उठून पुढे गेले, गुडघ्यावर आले, रडले. ते रडणं खरं होतं. मी दहा वर्षांचा होतो, त्यांच्या शेजारी उभा होतो, मला माहीत आहे. त्यानंतर ते खरोखरच प्यायचे थांबले. मंडळीला इतका आनंद झाला की पंधरा दिवसांत त्यांना माइकसमोर उभं केलं गेलं. मग दुसऱ्या मंडळीत, मग बार्शीला, मग पार लातूरपर्यंत. पत्रकावर त्यांचा फोटो छापला. आधी काय होतो आणि आता काय आहे, अशी दोन भागांची गोष्ट त्यांना पाठ झाली. सांगता सांगता ती दर वेळी थोडी वाढायची. आधीचा माणूस अजून काळा व्हायचा, नंतरचा अजून पांढरा.

अकराव्या महिन्यात, पगाराच्या दिवशी, ते प्याले.

आता विचार करा. ज्या माणसाचा फोटो पत्रकावर आहे, त्याने हे कोणाला सांगायचं? आदल्याच रविवारी ज्यांच्यासमोर ‘मला आता वाससुद्धा सहन होत नाही’ असं म्हटलं, त्यांना कसं सांगायचं, की वास सहन होतो, फार छान सहन होतो? पप्पांनी कोणालाच सांगितलं नाही. दोन महिने ते प्यायचे, आणि त्याच दोन महिन्यांत साक्षही द्यायचे. शेवटी कोणीतरी पाहिलं. मग एक बैठक झाली आणि त्यांना सांगण्यात आलं, की तुमचं तारण मुळात खरं नव्हतंच. पत्रकं गुंडाळली गेली. त्यानंतर चार वर्षं पप्पा उघडपणे प्याले. खोटंच होतं म्हटल्यावर लपवायचं कशाला?

त्या मंडळीचं नाव मी लिहिणार नाही, कारण रोग एका मंडळीचा नाही. आपण पावित्र्याला एका क्षणाची गोष्ट करून टाकलं आहे. माणूस ख्रिस्ताकडे वळला की काम झालं, उरलं फक्त ते सांगत फिरणं. मला हे शिक्षणाच्या नावाखाली चाललेलं क्रौर्य वाटतं. जो भराभर बदलत नाही त्याला ते खोटं बोलायला लावतं, आणि खोटं उघडं पडलं की बाहेर फेकतं.

‘वळणे’ हे क्रियापद मी आज्जीकडून शिकलो. माझी बहीण बारा वर्षांची असताना आज्जीच्या शेजारी बसून विड्या वळायला शिकली. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. आठवड्याभरात बहिणीला जमलं. ती नाचतच म्हणाली, “आज्जी, मला येतंय!” तरी कारखान्यात तिच्या निम्म्या विड्या बाजूला काढल्या गेल्या. कोणी सैल, कोणी जाड. आज्जी म्हणाली, “वळता येणं येगळं लेकरा, हाताला वळण लागणं येगळं.” आज्जीच्या हातून दिवसाला हजार विड्या व्हायच्या, बोलता बोलता, न बघता. ते वळण लागायला किती वर्षं गेली ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

आमच्या उपासनांमध्ये वळण्याबद्दल पुष्कळ बोललं जातं, वळणाबद्दल जवळजवळ काहीच नाही.

यावर पहिलं उत्तर मला नेहमी मिळतं ते पौलाचं. दमास्कसच्या वाटेवर एका क्षणात नाही का बदलला? बदलला. मी कुठे नाही म्हणतो? दिशा एका क्षणात बदलू शकते. पण त्याच पौलाने गलतीकरांना काय लिहिलं तेही वाचा. त्या प्रकाशानंतर तो अरबस्तानात गेला, दमास्कसला परतला, आणि यरुशलेमेला जायला तीन वर्षं गेली. आणि पुढे तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिताना तो स्पष्ट सांगतो, की मी अजून पोचलेलो नाही, परिपूर्ण झालेलो नाही, पुढे धावतो आहे. तोवर त्याच्या नावावर किती मंडळ्या जमा होत्या! आज एखाद्या कन्व्हेन्शनच्या मुख्य वक्त्याने व्यासपीठावरून ‘मी अजून पोचलेलो नाही’ असं म्हटलं, तर पुढच्या वर्षी त्याला बोलावतील का?

पेत्राचं तर त्याहून अवघड आहे. त्याने येशूला तीनदा नाकारलं हे संडेस्कूलचं पोरही सांगतं. पण ती पवित्र आत्मा उतरण्याआधीची गोष्ट, असं म्हणून आपण सुटतो. अंत्युखियात काय झालं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. तोवर पेन्टेकॉस्ट होऊन गेला होता. कर्नेल्य या रोमी माणसाच्या घरी जाऊन, कुठल्याही माणसाला विटाळलेला म्हणायचं नाही, हेही पेत्र शिकून चुकला होता. तरी यरुशलेमेहून काही वजनदार माणसं आली तेव्हा तो घाबरला आणि परराष्ट्रीय भावांच्या पंगतीतून उठून बाजूला झाला. पौलाने त्याला सर्वांदेखत खडसावलं. आत्म्याने भरलेला, प्रेषितांमध्ये पहिला मानला गेलेला माणूस, आणि शिवाशिवीत सापडला! त्याचं तारण खोटं होतं, असं पौलाने म्हटलं नाही. तू सरळ चालत नाहीस, असं म्हटलं. या दोन वाक्यांत माझ्या बापाची चार वर्षं मावतात.

शिवाशिवीचा विषय निघाला आहे, तर मराठी माणसाला परका नसलेला एक शब्द घेऊ: सोवळं. आपल्याकडे ‘पवित्र’ म्हटलं की मनात सोवळं येतं. काय शिवायचं नाही, कुठे जायचं नाही, कोणाचं खायचं नाही. आपण ख्रिस्ती झालो, आणि आमच्यातल्या बहुतेकांचे पणजोबा तर सोवळ्याचा मार खाऊनच ख्रिस्ती झाले, तरी सोवळं दुसऱ्या दाराने घरात आलं. आता त्याची यादी वेगळी आहे. कुंकू नको, शेजारच्यांचा प्रसाद नको, सिनेमा नको, गड्ड्याच्या जत्रेत जायचं नाही, भजी खायलासुद्धा. ही यादी पाळली की माणूस पवित्र. तो घरी बायकोशी कसा बोलतो, कामगाराचे पैसे वेळेवर देतो का, हे यादीत नाही.

सोवळ्याचं खरं रूप पाहायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडा. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांचे वडील भेटतात. त्यांच्या सासऱ्यांना 1857 च्या बंडात फाशी झाली आणि त्या धक्क्याने या माणसाच्या डोक्यात सोवळं शिरलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची, आणि त्या धुण्यापायी बायकापोरांचे हाल. लक्ष्मीबाई हे विनोदाने सांगतात, पण वाचताना पोटात गोळा येतो. पवित्र राहण्याच्या धडपडीने त्या माणसाला घरातल्यांवर प्रेम करणंच अशक्य करून ठेवलं होतं.

आता त्याच घरातल्या मुलीकडे बघा. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्या तरी स्वतःची चूल आणि पाणी वेगळं ठेवून. टिळकांनीही ते सांभाळून घेतलं. मग एके दिवशी, एकटीने विचार करता करता, जाती माणसांनी केल्या आहेत हे त्यांना उमगलं आणि त्यांनी ठरवलं, की यापुढे कोणाच्याही हातचं खाईन. बाप्तिस्मा 1900 साली घेतला. सोवळ्यात वाढलेल्या बाईच्या हातून ते सोवळं एकेक करून, वर्षानुवर्षं गळत गेलं. कुठला मंडप नाही, कुठला माइक नाही. तिला ‘लवकर वळ’ म्हणून कोणी ढकललं असतं तर मराठीला ते पुस्तकही मिळालं नसतं.

आणि स्वतः टिळक? बाप्तिस्म्यानंतरच्या प्रकरणांतही ते उतावळेच आहेत, पैसा त्यांच्या हातात टिकतच नाही. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला संत करून भिंतीवर टांगलं नाही. तरीही पुस्तक संपताना आपल्याला कळतं, की हा माणूस कुठून कुठे आला. 1917 साली, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. बावीस वर्षं ख्रिस्ती म्हणून काढल्यावर त्यांना वाटलं, की अजून बरंच सोडायचं आहे. दोन वर्षांनी, 1919 मध्ये, ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अर्धं राहिलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

पंडिता रमाबाईंचं नाव तर आमच्या सभांमध्ये सारखं घेतलं जातं. घेताना 1905 सालचं मुक्तिसदनातलं उज्जीवन सांगितलं जातं: केडगावला आत्मा उतरला, मुली रडल्या, प्रार्थनेचा आगडोंब उसळला. हे घडलं. पण रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडमधला. स्वतः रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे, की पुढची आठ वर्षं आपल्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! त्या वर्षांत त्या गप्प बसल्या नव्हत्या, त्यांनी शारदा सदन काढलं होतं. मग दुष्काळातल्या मुली गोळा करणं, त्यांना जेवू घालणं, शिकवणं, छापखाना, शेती. 1905 च्या त्या दिवसांआधी कित्येक महिने तिथे रोज प्रार्थना चालू होती. आणि त्यानंतर? त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या, 1922 मध्ये मरेपर्यंत. आम्ही चाळीस वर्षांतला एक आठवडा उचलतो आणि त्याला रमाबाई म्हणतो.

जॉन वेस्ली हे आणखी एक नाव. ‘याच आयुष्यात माणूस प्रीतीत परिपूर्ण होऊ शकतो’ ही त्याची शिकवण. एका झटक्यातल्या पावित्र्याचे पुरस्कर्ते अनेकदा त्याच्याच खांद्यावर उभे असतात. त्या वेस्लीने 1767 साली लंडनच्या एका वर्तमानपत्राला पत्र लिहून कबूल केलं, की मी ज्या माणसाचं वर्णन करतो तो माणूस मी झालेलो नाही. आपल्याकडे अशी पत्रं कोण लिहितं?

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांशी बोलतो, म्हणजे तुमच्या-माझ्या वयाच्या. मंडपाचा कंटाळा आलेले आपण उलट टोकाला जातो. ‘कृपा आहे ना, मग कशाला ताण घ्यायचा? देव मन बघतो. मी आहे हा असा आहे.’ बायोमध्ये क्रॉसचा इमोजी आणि कमेंटमध्ये शिव्या. मीही यातलाच. सतराव्या वर्षी मी युवक शिबिरात ‘प्रभूने माझा राग काढून घेतला’ अशी साक्ष दिली आणि त्याच रात्री चार्जरवरून बहिणीच्या अंगावर धावून गेलो. मला पश्चात्ताप झाला नाही, फक्त लाज वाटली. मग मी ठरवलं, की हे पावित्र्यबिवित्र्य सगळं सोंग आहे. तो सोयीचा निष्कर्ष होता. एका दिवसात होत नाही, म्हणजे कधीच होत नाही, म्हणजे मला काहीच करायला नको. मंडपवाले आणि मी, दोघांचा हिशोब एकच होता. दोघांनाही वेळ नको होता.

हळूहळू वाढण्याची गोष्ट करताना एक धोका आहे, तो टाळून पुढे गेलो तर हा लेख खोटा ठरेल. ‘तो बदलतो आहे, थोडं सहन कर’ हे वाक्य आपल्या समाजात कोणाला सांगितलं जातं? मार खाणाऱ्या बाईला. माझ्या आईलाही सांगितलं गेलं. आईने पप्पांना दोनदा घराबाहेर काढलं आणि दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं. कोणाच्या पवित्र होण्यासाठी दुसऱ्याने जमीन होऊन पडून राहायचं, हे शास्त्रात कुठेही नाही. देवाला वेळ आहे म्हणून बायकोलाही असलाच पाहिजे, असं नाही. आणि आपण किती वाढलो हे आपण ठरवायचं नसतं. ते आपल्यासोबत राहणारी माणसं ठरवतात. साक्ष द्यायची तर माझी माझ्या बहिणीने द्यावी.

अशी एक साक्ष मी ऐकली आहे. ती आईने आज्जीबद्दल दिली, भाजी निवडताना.

आज्जी आयुष्यात एकदाही माइकसमोर उभी राहिली नाही. तिला तारणाची तारीख विचारली तर ती हसायची. एका प्रवचनकाराने तिच्यासमोरच सांगितलं होतं, की विडी हे पाप आहे आणि पाप वळणारे हात देवापुढे जोडता येत नाहीत. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत. त्यांच्याच पैशांवर घरं चालतात, पोरं शिकतात, नवरे पितात. आज्जीने त्या माणसाला उलट उत्तर दिलं नाही. पण त्या दिवसापासून ती रात्रीच्या प्रार्थनेत एक वाक्य जास्त म्हणायची: “येवढं माझ्याकडनं सुटंना, देवा, तू बघ.” ते वाक्य ती मरेपर्यंत म्हणत राहिली. विड्या सुटल्या नाहीत, वाक्यही सुटलं नाही. देव त्याचं काय करतो मला माहीत नाही, पण त्या प्रवचनापेक्षा ती प्रार्थना मला जास्त खरी वाटते.

आई म्हणाली, “मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या आज्जीने मला फुंकणीने मारलंय. जीभ तर अशी होती, की गल्ली गप्प व्हायची. मग कधी बदलली, कळलंच नाही बघ. एक दिवस लक्षात आलं, की वर्ष झालं, ही मला टाकून बोलली नाही. आणखी काही वर्षांनी लक्षात आलं, मी आजारी पडले की ही माझ्याआधी उठते.” आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या पाण्यावरून समोरच्या बाईशी आज्जीचं वीस वर्षांचं वैर होतं. शेवटच्या काही वर्षांत पाणी आलं की आज्जी त्या बाईची एक घागर आपल्या नळाखाली लावायची. कधीपासून? कोणालाच आठवत नाही. आईची ही साक्ष तीस वर्षांची आहे. ती पत्रकावर छापता येत नाही, कारण तिच्यात तारीखच नाही.

पप्पांना परत आणलं तेही आज्जीनेच. मंडळीने तारण खोटं ठरवल्यावर चार वर्षांनी. ती फार काही बोलायची नाही. रात्री ताट वाढून विचारायची, “आज पिलास? न्हाई? मग जेव.” प्याले असतील तर म्हणायची, “उद्या जेव.” बस. रोज आजचं विचारायची. नंतर पप्पा अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकांना जाऊ लागले, तिथेही तेच: आजचा दिवस. ही संस्था 1935 साली अमेरिकेत, अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली आणि तिचे संस्थापक ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीतून आले होते. चूक कबूल करायची, ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई करायची, एकमेकांसमोर खरं बोलायचं, हे सगळं मुळात मंडळीचंच काम. ते आपण टाकलं आणि दारुड्यांनी उचललं. बैठकीत ‘काल प्यालो’ असं सांगितल्यावर लोक पप्पांना ‘परत आलास, बरं झालं’ म्हणायचे. माझ्या बापाला हे वाक्य प्रार्थनामंदिरात ऐकायला मिळायला हवं होतं.

पुढच्या नऊ वर्षांत पप्पा दोनदा घसरले. दोन्ही वेळा त्यांनी त्याच आठवड्यात घरी सांगितलं. मागावर ताण्याचा धागा तुटला तर माग थांबवून गाठ मारावी लागते, नाहीतर दोष कापडभर पळत जातो, हे त्यांना धंद्यामुळे चांगलं माहीत होतं. धागा तुटला म्हणून कोणी सगळं कापड फाडून टाकत नाही. आणि तुटलाच नाही असं म्हणत माग चालूही ठेवत नाही.

आमच्या पेठेतून तुळजापूरचा रस्ता जातो. कोजागरीला हजारो माणसं रात्रभर चालत तुळजापूरला निघतात, साधारण 45 किलोमीटर. त्यांचा देव आणि माझा देव यावर मी इथे वाद घालत नाही. मी लहानपणापासून रस्त्याच्या कडेची माणसं बघत आलो आहे. कोणी चहा देतं, कोणी केळी देतं, कोणी अनोळखी माणसाचे पाय मांडीवर घेऊन मलम चोळतं. कोणी दमून बसलं, तर ‘तू खरा भक्त नाहीस’ असं त्याला कोणी म्हणत नाही. पाणी देतात, थोड्या वेळाने हात धरून उठवतात.

आपल्याकडेही चालण्याचं पुस्तक आहे. जॉन बन्यनचं, 1678 सालचं. हरि केशवजींनी 1841 मध्येच ते ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणलं. त्यातल्या यात्रिकाच्या पाठीवरचं पापाचं ओझं वधस्तंभापाशी गळून पडतं. हे चित्र सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात येतं. बाकीचं सगळं पुस्तक त्यानंतरची वाट आहे: चढ, झोप लागणं, वाट चुकणं, निराशेच्या राक्षसाची कैद. आणि अगदी शेवटी, नगरी समोर दिसत असताना, शेवटच्या नदीत तो बुडू लागतो. सोबत्याने त्याचं डोकं पाण्यावर धरून ठेवलं म्हणून तो पलीकडे पोचतो. बन्यनला माहीत होतं, की शेवटच्या दहा पावलांतही माणसाला धरावं लागतं. आम्ही ओझं पडल्याबरोबर टाळ्या वाजवतो आणि घरी जातो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नव्याने वळलेल्या माणसाला माइक देऊ नका. अगदी नवशिक्याला अधिकारावर बसवू नये, त्याच्या डोक्यात हवा जाते, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही सांगितलं आहे. त्याला एक शेजारी द्या, जो रोज आजचं विचारेल. साक्षीच्या वेळात ‘या आठवड्यात मी पडलो’ असं म्हणायला जागा ठेवा, आणि म्हणणाऱ्याकडे बघून चेहरे बदलू नका. करिंथच्या मंडळीत भांडणं होती, कोर्टकचेऱ्या होत्या, प्रभुभोजनाला येऊन लोक झिंगत होते. पौलाने त्यांना पहिल्याच ओळींत ‘पवित्र जन’ म्हणून हाक मारली आणि मग सोळा अध्याय कान धरले. हाक आधी, कान नंतर. आपण क्रम उलटा केला आहे, आणि कान धरून झाल्यावर हाक मारायचीच विसरतो.

आणि तुम्ही, फोनवर हे इथवर वाचत आलेले, तुमच्यातल्या एखाद्याने कुठल्यातरी शिबिरात रडून काहीतरी सोडलं असेल आणि ते तीन आठवड्यांत परत आलं असेल. तुम्ही ढोंगी आहात असं तुम्हाला वाटत असेल. नाही आहात. सुरुवात केली आहे, एवढंच. पण सुरुवातीवर थांबू नका. घरातल्या एका माणसाला विचारा, की मी गेल्या वर्षापेक्षा जरा बरा झालोय का. उत्तर लगेच आवडणार नाही. पुढच्या वर्षी परत विचारा.

पप्पांच्या ट्रंकेत नऊ वर्षांची कालनिर्णय कॅलेंडरं निघाली, सुतळीने बांधलेली. प्रत्येक दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीची एक बारीक बरोबरची खूण. एका वर्षी जुलैत सलग तीन चौकोन रिकामे आहेत, एका वर्षी डिसेंबरात एक. पेन्सिल होती, नंतर भरून टाकता आले असते. त्यांनी भरले नाहीत.

पुढच्या महिन्यात त्यांच्या आठवणीची प्रार्थना आहे. पास्टरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मी ती कॅलेंडरं घेऊन जाणार आहे, आणि आधी ते चार रिकामे चौकोन दाखवणार आहे.